मॅक्स न्यूहाउस यांनी ऐन भरात वादन का थांबवले असावे?

खानापूरकर (प्रश्न)
भजनी मंडळात तबल्याची साथ करता करता मी अलीकडे संगणकावर ध्वनींचे प्रयोग करू लागलो आहे. त्या ओघात अमेरिकन तालवादक मॅक्स न्यूहाउस (१९३९–२००९) यांच्याविषयी वाचले. बुलेझ आणि स्टॉकहाउझेन या आधुनिक युरोपीय संगीतकारांबरोबर दौरे केलेल्या, कार्नेगी हॉलमध्ये एकल वादन केलेल्या या कलावंताची ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये कोलंबिया कंपनीने काढली आणि त्याच सुमारास त्यांनी मैफली थांबवल्या. आमच्याकडे हात चालतो तोवर कोणी तबला सोडत नाही, म्हणून हे कोडे उलगडत नाही.

शहापूर, बेळगाव
कोड्याचे उत्तर त्या ध्वनिमुद्रिकेतच सापडते, असे मला वाटते. तीत स्टॉकहाउझेन यांची ‘त्सिक्लुस’ ही रचना आहे; तिची सुरुवात कोणत्याही पानापासून करून वादकाने फेरी पूर्ण करायची असते, म्हणजे सम कोठे धरायची हेही त्यानेच ठरवायचे. अमेरिकन संगीतकार फेल्डमन यांच्या ‘द किंग ऑफ डेन्मार्क’मध्ये काठ्या वर्ज्य असून सगळे काम बोटांनी आणि हातांनी, तेही अगदी हळू आवाजात करावे लागते. (तबलजीला यात नवल वाटणार नाही, पण पाश्चात्य तालवादकाला वाटते.) त्यांचेच देशबांधव संगीतकार केज यांच्या ‘फोंटाना मिक्स’चा न्यूहाउस यांनी केलेला आविष्कार मात्र याही पुढचा आहे. त्यात लाउडस्पीकरसमोर मांडलेल्या वाद्यांवर काँटॅक्ट माइक (हवेतला आवाज नव्हे, तर स्पर्शातून कंपन टिपणारे माइक) ठेवलेले असतात. स्पीकरच्या आवाजाने वाद्य कंपते, ते कंपन माइक पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि या फेऱ्यातून उठणारी शीळ हेच संगीत ठरते. आघात करणारा हात तेथेच अनावश्यक झाला होता.

निपाणीहून
‘वादन थांबवले’ हे म्हणणे मला अर्धेच पटते. १९६६ पासूनच ते श्रोत्यांच्या हातावर ‘ऐका’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून त्यांना रस्त्यांवरून फिरवत होते. १९६७ मध्ये बफेलो शहरातील एका रस्त्याकडेला त्यांनी लहान रेडिओ प्रक्षेपक बसवले, त्यामुळे मोटारीतला रेडिओ लावून जो जसा जाईल तसे संगीत त्याला ऐकू येई. लय चालकाच्या वेगावर अवलंबून असे. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील जमिनीतल्या जाळीखाली त्यांनी घंटेच्या आसेसारखा (टोल पडल्यावर रेंगाळणाऱ्या नादासारखा) घुमणारा अखंड नाद बसवला आणि तेथे फलकही लावला नाही. तो १९९२ मध्ये बंद पडला, २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आघात संपल्यावर उरणारी आस तालवादकाइतकी कोण ओळखणार?

खानापूरकर
दोघांचेही आभार. माइकचा प्रयोग मी डग्ग्यावर करणार आहे. पिझोची चकती (म्हणजे साधा काँटॅक्ट माइक) शाईच्या काळ्या गोलावर चिकटवावी की मैदानावर, म्हणजे भोवतालच्या मोकळ्या कातड्यावर?

शहापूर, बेळगाव
चिकटवूच नका. शाई उखडेल, शिवाय त्या आविष्कारात माइक वाद्यावर नुसते टेकवलेले असल्याने कातड्याबरोबर थरथरतात आणि शीळ सारखी बदलत राहते. आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा, नाहीतर स्पीकर जाईल. डग्ग्यानंतर तबल्यावरही करून पाहावे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवले आहे. त्यामुळे तेथे शीळ सुरात बसेल, असा माझा अंदाज आहे.

निपाणीहून
सौंदत्तीच्या यल्लम्माचे भक्त असलेल्या जोगत्यांचे चौंडके हे एकतारी वाद्यही मिळवा. त्याची तार ताणताच स्वर चढतो, त्यामुळे शीळ हाताने वळवता येईल.