मदत हवी आहे: इंजिन बंद पडल्यास खानदेशात उतरायला कोणते शेत निवडावे?

नमस्कार. मी धुळे-शिरपूर भागात सेसना १७२ या एका इंजिनाच्या विमानावर प्रशिक्षण घेते. इंजिन बंद पडल्यावरची कार्यपद्धती मला पाठ आहे: आवृत्तीनुसार ६५ ते ६८ नॉट वेग धरायचा, शेत हेरायचे, मग इंधनाची कळ, इंधन-हवेचे मिश्रण आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) तपासून १२१.५ मेगाहर्ट्झवर ‘मेडे’ हा संकटाचा संदेश द्यायचा. वारा नसेल तर दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर तरंगता येते. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर मागे वळू नये, हेही पटले आहे, कारण वळताना विमान ४५ अंश कलले तर स्टॉलचा वेग (ज्याच्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी उंची हाताशी नसते.

अडचण शेताची आहे. पुस्तके सपाट, टणक कुरण निवडायला सांगतात. तसे कुरण आपल्याकडे शोधूनही सापडत नाही. उन्हाळ्यात गहू काढलेले रान त्यातल्या त्यात बरे वाटते, पण काळ्या जमिनीच्या भेगांत पुढचे चाक अडकेल का, याचा अंदाज येत नाही, आणि शेजारच्या शेतात पऱ्हाटी उभी असतेच. पावसाळ्यात तर दोन हजार फुटांवरून कापूस आणि मका सारखेच हिरवे दिसतात, शिवाय ओल्या काळ्या मातीत चाक रुतून विमान उलटण्याची भीती राहते. रावेर-यावलकडे नजर जाईल तिथवर केळी. महामार्गावर दुभाजक, खांब आणि वाहने असल्याने तो पर्याय मी जवळपास बाद केला आहे.

वाऱ्याची दिशा कळणे त्या मानाने सोपे. साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्यांची तोंडे पाहिली तरी पुरते. तिला महत्त्वही तेवढेच: ५५ नॉटने उतरताना दहा नॉटचा वारा समोरून असण्याऐवजी पाठीमागून असेल, तर जमिनीला टेकतानाची ऊर्जा दुपटीहून अधिक होते.

अनुभवी वैमानिकांना दोन प्रश्न आहेत. वारा सऱ्यांना आडवा असेल तर वारा धरावा की सरी? आणि समोर फक्त ओली काळी जमीन किंवा केळीची बाग एवढेच पर्याय असतील, तर केळीचे खोड पाणीदार असते म्हणून अगदी कमी वेगाने बागेत उतरणे कमी धोक्याचे ठरेल का?

शेतकरी मंडळींनीही कृपया सांगावे की कठडा नसलेली विहीर, बांध आणि शेतातून गेलेली वीजतार वरून कशावरून ओळखता येईल. तार स्वतः दिसत नाही, खांब दिसतात तोवर विमान फार खाली आलेले असते, त्यामुळे पंपघर दिसले की तिथवर तार गेलेली आहे असे मी सध्या धरून चालते. आणखी काही खुणा असल्यास हव्या आहेत.