गाडी ठोकल्यानंतरचे दिवस : खान्देशातल्या मंडळींनो, तुमचेही अनुभव लिहा

गिरणाकाठ
परवा आमची जुनी गाडी बघायला पारोळ्याहून एक काका आले. इंजिन सुरू करायला सांगितलं नाही, किलोमीटर विचारले नाहीत. थेट डाव्या फेंडरवर बोटांची पेरं वाजवत गेले. टण, टण, टण, आणि हेडलाईटच्या मागे एका जागी ठप्प. "भाऊ, इथं खड्डा बुजवायला पुट्टी भरलीय. कधी ठोकली व्हती?"

मला एकदम २०१४ चा डिसेंबर आठवला. कापसाचा सीझन, पाळधीच्या अलीकडे, संध्याकाळचे सात. पुढे कापसाने फुगलेली ट्रॉली, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तरी गाडीचं नाक ट्रॉलीच्या कोपऱ्यात गेलंच. मुलगी पाच महिन्यांची, बायकोच्या मांडीवर. ती रडलीसुद्धा नाही, काच फुटल्याच्या आवाजाकडे बघत राहिली. माझे मात्र पाय लटलटत होते.

ट्रॅक्टरवाला पोरगा विशीचा असेल. म्हणाला, "दादा, माल जिनिंगवर खाली झाला का पैसे भेटतील, आता खिशात काहीच नाही." मग सीटखालून सुतळी काढली, रस्त्यावर आडवा झोपला आणि लोंबकळणारा बंपर असा बांधला की जळगावात येईपर्यंत हलला नाही. मी त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही, नंबरही नाही. मिस्त्री म्हणाला तीन दिवस, लागले सतरा. बिल चौदा हजार. क्लेम केला नाही, बरोबर केलं का ते आजही माहीत नाही.

तुमच्याकडे काय झालं होतं? ठोकण्यापेक्षा नंतरचं लिहा. गॅरेज, विमा, घरचे, सगळं.

केळीबाग_रावेर
सावद्याजवळ केळीच्या ट्रकने मागून टेकवली. टेल लॅम्प आणि डिकी. ड्रायव्हर पंजाबचा, माल दिल्लीला चाललेला, केळी पिकायच्या आत पोचवायची घाई. दोन हजार हातात ठेवून निघाला. मी खूश. गॅरेजवाल्याने डिकी उघडून खालचा पत्रा दाखवला तेव्हा कळलं, काम साडेनऊ हजारांचं होतं. बाहेरून दिसतं तेवढ्यावर कधी मिटवू नका.

धुळेकर_ताई
वरच्या दादांची मुलगी बरी होती ना? आधी ते सांगा.

गिरणाकाठ
हो ताई, एकदम बरी. आता पाचवीच्या पुढे गेली, गाडी विकू नका म्हणून रुसली आहे.

निवृत्त_विमावाला
पंचवीस वर्षं हेच काम केलं म्हणून लिहितोच. चौदा हजारांचा क्लेम न करणं बरोबर होतं का ते हिशोबाने बघा. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम ८,००० आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, ५० टक्के, म्हणजे वर्षाला ४,००० वाचतात. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ करत परत ५० वर. प्रीमियम तोच धरला तर दर वर्षीचा तोटा ४,०००, २,४००, २,०००, १,२००, ४००. झाले १०,०००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० आपल्या खिशातले. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मे कापतात, बंपर त्यातच आला. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे घसारा, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेला घसारा नाही. तेव्हा दादा, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही बरोबर केलंत.

आणि आता गाडी विकताय ना? बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीला लागेल. हे सांगूनही लोक विसरतात, फार वाईट वाटतं.

एक मात्र पक्कं. कोणाला लागलं असेल तर रस्त्यावर आपापसात मिटवायचं नाही. पोलिसांना आणि कंपनीला कळवायचंच.

गिरणाकाठ
काका, हे बोनसच्या पत्राचं माहीतच नव्हतं. आजच फोन करतो.

धुळेकर_ताई
माझं देवपुरातलं. लायसन्स मिळून अठरा दिवस. वळताना रिक्षाच्या चाकाला माझ्या गाडीचा उजवा कोपरा घासला. रिक्षाला ओरखडाही नाही, माझा बंपर क्लिपांतून निसटला. पन्नास माणसं जमली, प्रत्येकाचा एकच प्रश्न, "मिस्टर कुठे आहेत?" भाजीवाल्या आजी तेवढ्या गर्दीतून आत आल्या, "काय व्हयनं माय? लागनं नही ना?" म्हणत पाण्याचा तांब्या पुढे केला. मग मला रडू आलं.

गॅरेजात तेच. प्रश्न मी विचारायचे, उत्तर ह्यांच्याकडे बघून यायचं. मिस्त्री म्हणाला बंपर नवीनच लागेल. मी म्हटलं ठीक, जुना मला परत द्या. तर दुसऱ्या दिवशी फोन, "ताई, जुनाच बसतोय, क्लिपा बदलल्या." बायांनो, एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा : काढलेला पार्ट परत द्या. आणि एस्टिमेट लिहून मागा. गाडी मी चालवते, बोलणंही माझ्याशीच.

केळीबाग_रावेर
ताई, एक नंबर. बायकोला वाचून दाखवलं.

अमळनेरी
अमळनेरात चांगला डेंटर कोणी सांगेल का? गाडीच्या दाराला चेंडू लागलाय, पोचा पडला. अर्जंट नाही.

पत्र्याचा_पोरगा
माझ्या वडिलांचं चाळीसगावला डेंटिंगचं दुकान होतं, म्हणून ते 'ठप्प' वाचून अंगावर काटा आला. पत्रा पातळ म्हणून वाजतो, पुट्टीचा थर आवाज खातो. लोहचुंबकही तिथे नीट धरत नाही.

मिस्त्री फसवतो असं सगळेच म्हणतात, ते दर वेळी खरं नसतं. सिल्व्हर रंगाचंच घ्या. त्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रे गनचं प्रेशर किती, हात किती लांब, त्यावर ते कसे बसतात ते ठरतं. म्हणून त्याच कोडचा रंग मारला तरी दार वेगळं दिसतं. चांगला पेंटर शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेतो, त्याला एक दिवस जास्त लागतो. वडील रंग जुळला का ते ट्यूबलाईटखाली कधीच बघत नसत, गाडी उन्हात आणायला लावत. ढकलायचो मी. पुट्टी घासून झाली की डोळे मिटून तळहात फिरवायचे, म्हणायचे डोळा फसतो, हात फसत नाही. गेल्या वर्षी गेले.

प्लास्टिक बंपरचा साधा खड्डा असेल, रंग उडाला नसेल, तर आधी उकळतं पाणी ओतून आतून दाबून बघा. बऱ्याचदा तेवढ्यात येतो. हात सांभाळून, फडकं घेऊन.

निवृत्त_विमावाला
बाळा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. असे कारागीर आता मोजकेच.

सातपुडा_नंदुरबार
आमची गाडी गाडीने ठोकलीच नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याने मागच्या दाराला लाथ मारली. घोडा देखणा हो, पांढराशुभ्र. नुकसान बघायला आलेला विम्याचा सर्व्हेअर म्हणाला समोरच्या गाडीचा नंबर सांगा. सांगितलं, घोडा होता. फॉर्म बाजूला ठेवून माणूस पाच मिनिटं हसला. क्लेम मात्र पास झाला.

धुळेकर_ताई
😂😂 घोड्याला लागलं नाही ना?

सातपुडा_नंदुरबार
त्याला काय होतंय. मालक त्याला गूळ भरवत होता.

घाटवाला
हसण्यावारी नेऊ नका असं एक सांगतो. कन्नड घाटात पावसाळ्यात, धुक्यात पुढच्या जीपला हलकी टेकली. ग्रिल फुटलं, बस्स. भाचीची हळद होती, निघालो तसेच. चाळीसगाव यायच्या आत टेंपरेचरचा काटा लालवर. बोनेटमधून वाफ, खाली हिरवं पाणी. रेडिएटरला चीर गेली होती, मला दिसली नाही. इंजिनचं हेड गॅस्केट गेलं. दोन हजारांचं ग्रिल बत्तीस हजारांना पडलं. पुढून धक्का बसला की दहा मिनिटं थांबा, वाकून खाली बघा, थेंब पडतोय का. आणि नंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खातो. हळद चुकलीच. बहीण अजून बोलून दाखवते.

केळीबाग_रावेर
हळदीवरून आठवलं, बामणोदची भरताची वांगी आली बाजारात. फैजपूरला कोणी येणार असेल तर कळवा.

गिरणाकाठ
घाटवाले दादा, बत्तीस हजार वाचून पोटात गोळा आला. 

विमा कंपनीला फोन केला, काका. पत्र आठ दिवसांत मिळेल. आणि पारोळ्याच्या काकांनी पुट्टीचे तीन हजार पाडून गाडी घेतली. रविवारी नेतील. डिकी रिकामी करताना स्टेपनीखाली ती सुतळी सापडली, काळी पडलीय, गाठ तशीच. लेकीने दप्तराच्या कप्प्यात ठेवली.

पत्र्याचा_पोरगा
अमळनेरी भाऊ, दाराचा फोटो टाका. रंग फुटला नसेल तर पोचा आतून काढता येतो, पेंटची गरजच नाही.

अमळनेरी
टाकतो, लाईट आली की.