मदत हवी आहे: बूटलोडरच्या कन्सोल बफरिंगचा रिव्ह्यू

नमस्कार मंडळी. एका बूटलोडरमधला (बोर्ड सुरू होताच चालून कर्नल लोड करणारा छोटा प्रोग्राम) बदल माझ्याकडे रिव्ह्यूला आला आहे. आत्तापर्यंत कन्सोलवरचं प्रत्येक अक्षर थेट यूआर्टवर (सिरियल पोर्ट चालवणारं हार्डवेअर) जात होतं. ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट), स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून, एका अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजार अक्षरांच्या लॉगमागे बूट ८७ मिलिसेकंद अडतो. नव्या कोडमध्ये अक्षरं रिंग बफरमध्ये (मेमरीतली गोलाकार रांग) जातात आणि यूआर्टचा इंटरप्ट (प्रोसेसरला हार्डवेअरचा इशारा) आला की बाहेर पडतात. कल्पना मला पटते.

अडलंय ते पॅनिकपाशी. बोर्ड कोसळतो तेव्हा इंटरप्ट बंद असतात आणि नेमक्या हव्या असलेल्या शेवटच्या ओळी बफरमध्येच राहतात. लेखकाने पॅनिकमध्ये फ्लश (उरलेली अक्षरं बाहेर काढणं) घातलाय, पण तो बफरचं लॉक (एका वेळी एकालाच बफर वापरू देणारं कुलूप) घेतो. लॉक हातात असतानाच कोड कोसळला तर? ते कधी सुटणारच नाही आणि फ्लश तिथेच अडकेल. तिथे लॉक न घेता पोलिंगने (यूआर्ट मोकळं झालं का ते पुन्हा पुन्हा बघत) बफर रिकामा करावा, असं माझं मत आहे. दोन-चार अक्षरं उलटसुलट झाली तरी चालतील, पण बोर्ड मुका राहायला नको.

दुसरं, कर्नलकडे उडी मारण्याआधीचा फ्लश १६५५० च्या (आमची यूआर्ट चिप) लाइन स्टेटस रजिस्टरमधला फक्त ०x२० बिट बघतो, जो पुढचं अक्षर घ्यायची जागा रिकामी झाली एवढंच सांगतो. शिफ्ट रजिस्टरही (जिथून अक्षर एकेक बिट करून तारेवर जातं) रिकामं झाल्याचं ०x४० सांगतो, मग तोच तपासायला नको का?

बफर भरला तर जुनं टाकावं, नवं टाकावं की थांबावं? इथे माझं मत ठरत नाहीये. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.