न्यू जर्सीच्या सिनेटरांचा तक्ता: एक माणूस दोन पट्ट्यांत कसा दाखवू?

मंडळी, मदत हवी आहे. इथल्या मराठी शाळेतल्या १०-१२ वर्षांच्या मुलांसाठी १९१३ पासूनचे (म्हणजे सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडायची घटनादुरुस्ती झाल्यापासूनचे) न्यू जर्सीचे सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले सदस्य) एका तक्त्यात बसवतोय. राज्याला जागा दोन, म्हणून आडव्या पट्ट्या दोन. रंग पक्षाप्रमाणे.

घोडं अडलंय फ्रँक लाउटेनबर्गपाशी. १९८२ मध्ये ते एका जागेवर आले, २००१ च्या जानेवारीत निवृत्त झाले आणि २००३ मध्ये परतले ते दुसऱ्याच जागेवर! त्यांची जुनी जागा तोवर जॉन कोरझाइन या दुसऱ्या सिनेटरकडे गेलेली. गंमत म्हणजे १८ वर्षांचा अनुभव असूनही परतल्यावर हे कनिष्ठ आणि कोरझाइन ज्येष्ठ (दोघांपैकी ज्याची सलग सेवा जास्त तो ज्येष्ठ).

आधी 'ज्येष्ठ' आणि 'कनिष्ठ' अशा पट्ट्या करून पाहिल्या. नावं सारखी वरखाली उड्या मारतात, मुलं गोंधळली. जागेप्रमाणे केलं तर लाउटेनबर्ग तुटतात. तिसरी पट्टी नको, कागद एकच आहे. एक्सेलमध्येच करायचंय.

शिवाय २०१३ मध्ये लाउटेनबर्ग यांच्या निधनानंतर त्यांच्या जागी नेमलेले चिएसा जेमतेम पाच महिने होते. शंभर वर्षांच्या पट्टीत ती नुसती रेघ दिसते.

तर, पट्ट्या जागेप्रमाणेच ठेवून एकच माणूस दोन्हीकडे आहे हे कसं दाखवाल? आणि चिएसांचं नाव लिहायचं कुठे?