मदत हवी आहे: सहाचाकी उभयचर गाडीच्या ॲक्सलना चेन की दातेरी पट्टा?

चिखल, दलदल आणि संथ पाणी ओलांडून पलीकडचा काठ चढणं, एवढ्या कामासाठी सहाचाकी गाडीचा आराखडा तयार आहे. भरलेलं वजन ७०० किलो. टायर २५ इंची, वजनाखाली त्रिज्या साधारण ३०० मिमी. वळण स्किड-स्टिअर, म्हणजे एका बाजूची चाकं रोखून. इंजिन, सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, गुणोत्तर आपोआप बदलणारी यंत्रणा), गिअरबॉक्स, आणि तिथून प्रत्येक बाजूला तीन ॲक्सल. सध्या ५० नंबरची चेन (पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, १५.८७५ मिमी) आणि सगळीकडे १८ दात्यांची स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) धरली आहेत. पण तेल, गंज आणि सारखं ताणत बसणं नको वाटतं. कार्बन तारांचे दातेरी पट्टे मोटरसायकलला चालतात, तर इथे का चालू नयेत? पट्ट्याला तेल लागत नाही, पाण्याचंही वावडं नाही.

प्रतिसाद १

मोटरसायकलची तुलना इथे लागू पडत नाही. तिथे एकच चाक, मागची पुली भलीमोठी आणि वेग भरपूर. इंजिनची शक्ती तेवढीच असली तरी वेग जितका कमी तितकी ओढ जास्त, आणि पट्टा मार खातो तो या ओढीपुढे. ताशी ५ किमीला तुमचं चाक मिनिटाला ४४ फेरेच घेईल. पट्ट्याच्या कॅटलॉगमध्ये भारक्षमतेचा तक्ता फेऱ्यांनुसार दिलेला असतो. तुमची ओळ अगदी तळाची, १०० च्या खालची. बहुतेक जण वरची ओळ बघून खूश होतात.

आकडे मांडू. एका बाजूवर ३५० किलो. कोरड्या खडबडीत जमिनीवर घर्षणांक ०.८ धरला तर पकड सुमारे २,७५० न्यूटन, गुणिले ०.३ मीटर म्हणजे ८२५ न्यूटन-मीटर. ५० नंबरच्या १८ दात्यांच्या स्प्रॉकेटचा पिच व्यास (चेनच्या पिना ज्या वर्तुळावर फिरतात त्याचा व्यास) ९१ मिमी. म्हणजे चेनवर ओढ जवळपास १८,००० न्यूटन, आणि ही चेन तुटते साधारण २२,००० ला. पट्टा राहू दे, आराखड्यातली चेनच अपुरी आहे.

धागाकर्ता

पण भार तीन ॲक्सलवर वाटला जाईल ना?

प्रतिसाद १

ॲक्सलवर वाटला जाईल, पहिल्या चेनवर नाही. गिअरबॉक्समधून निघणारी चेन एका ॲक्सलला जाते आणि बाकीचे दोन तिथून चालतात. त्यामुळे त्या बाजूची सगळी ओढ तिच्यावरूनच जाते. शिवाय काठाच्या उंचवट्यावर मधलं चाक टेकलं आणि पुढचं-मागचं अधांतरी राहिलं, तर वाटणी संपलीच. आडव्या उतारावर खालच्या बाजूला वजन सरकतं ते वेगळं. गंमत म्हणजे पोहताना चेनला जवळजवळ काहीच काम नसतं. पाण्यातून बाहेर येताना चाक पकड घेतं, त्या क्षणी झटका बसतो.

६० नंबरची चेन (पिच १९.०५ मिमी) घ्या आणि ॲक्सलवर २४ दाते ठेवा. पिच व्यास १४६ मिमी होतो, ओढ ११,३०० न्यूटनवर येते आणि ही चेन ३१,००० च्या आसपास तुटते. जवळपास पावणेतीन पट. २४ दात्यांनाच ५० नंबर वापरली तर १.६ पट, म्हणजे झटक्यांना काहीच उरत नाही. गिअरबॉक्सकडचं स्प्रॉकेट २४ दात्यांचं नसेल तर गुणोत्तर बदलतं, ते आधी जुळवून घ्या.

प्रतिसाद २

पट्ट्याबद्दल आणखी. तो अखंड असतो. बदलायचा तर ॲक्सल बाहेर काढा, म्हणजे बॉडीतून पाणी अडवणारं सीलही काढा. चेन लिंक उघडून निघते. पट्टा बसवतानाच खूप ताणावा लागतो, तो भार कायम बेअरिंगवर. पातळ बॉडी भारानं थोडी वाकली, पुल्या किंचित तिरक्या झाल्या, की पट्टा फ्लँजला (पुलीच्या उभ्या काठाला) घासतो आणि कडा उसवते. दात्यांत खडा अडकला तर आतल्या तारा तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. हातात घेऊन घडी घातली तरी कार्बन तार मोडते. आणि मधल्या ॲक्सलवर प्रत्येक बाजूला दोन पुल्या लागतील; ही ओढ सोसणाऱ्या रुंद पट्ट्यांच्या दोन जोड्या बसवल्यावर बसायला जागा कुठे?

पट्ट्याची जागा इंजिनापाशी, आणि तिथे तो आहेच: सीव्हीटी. त्याचीच काळजी घ्या. कव्हर पाणीबंद, हवा उंचावरून घेणारी नळी, तळाशी निचऱ्याचं बूच. पट्टा ओला झाला तर घसरतो, घसरला की तापतो आणि बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात. भिजला तर आधी कव्हरचं बूच काढून पाणी सोडा, मग न्यूट्रलमध्ये इंजिन थोडा वेळ मधूनमधून वाढवा. भाराखाली वाळवू नका. चिखलात लो गिअर. हाय गिअरमध्ये रेटत राहणं हे पट्टे जळण्याचं नेहमीचं कारण.

प्रतिसाद ३

चेनच घेणार असाल तर:

चेनचा झोल (सैलपणा) मोजताना चाक हळूहळू पूर्ण फिरवा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट वाटेल तिथे मोजा. गाडी मागे-पुढे होते आणि झटकेही बसतात, म्हणून दोन स्प्रॉकेटमधल्या अंतराच्या साधारण २ टक्के एकूण हालचाल पुरे; ४५० मिमी अंतराला ९ मिमी. त्याहून घट्ट केली तर बेअरिंग जातं, फार सैल ठेवली तर ब्रेक लावताना चेन दात्यावरून उडी मारते.

झीज मोजायला चेन ताणून २० पिच मोजा. ६० नंबरला नवी ३८१ मिमी. ३८८.६ झाली म्हणजे २ टक्के, नवी मागवा. ३ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, स्प्रॉकेटचे दाते घेऊन जाते.

अर्धी लिंक (चेन एकाच पिचनं लांब करणारी वाकडी लिंक) टाळा, ती चेनमधला कमजोर दुवा. सैल बसणाऱ्या प्लेटची मास्टर लिंकही (चेनची दोन टोकं जोडणारी) ताकद सुमारे २० टक्क्यांनी कमी करते. घट्ट बसवायची किंवा रिव्हेटची घ्या. ओ-रिंग चेन (पिनांपाशी रबरी कड्या असलेली) पाण्याला चांगली, पण ती रुंद असते, शेजारच्या स्प्रॉकेटला घासत नाही ना पाहा. स्टेनलेसच्या मोहात पडू नका, गंजत नाही पण ताकदीला कमी.

आणि एक जे हमखास राहतं: एका बाजूचे तिन्ही टायर एकाच घेराचे, एकाच दाबाचे. एक टायर मऊ असला की त्याची फिरती त्रिज्या बदलते, पण चेननं तिघांना एकाच गतीला बांधलेलं. कडक जमिनीवर चेन एकमेकींविरुद्ध ओढत बसतात. वरचं गणित नीट असूनही चेन तुटली तर आधी हवेचा दाब तपासा.

धागाकर्ता

६० नंबर आणि २४ दाते, ठरलं. आता तेलाचं. चेनचं तेल टबच्या (गाडीच्या पाणीबंद बॉडीच्या) तळाशी साचणार आणि बिल्ज पंप (आत साचलेलं पाणी बाहेर टाकणारा) ते पाण्यात सोडणार, त्याचं काय?

प्रतिसाद ३

पातळ तेल ओतू नका. चिकट चेन-ल्यूब आतल्या बाजूला, चेन फिरत असताना, थोडंच. थोड्या वेळानं वरचं पुसून घ्या. चेनखाली तेल शोषणारी चटई अंथरा, ती पाणी सोडून तेल धरते. पंपाचं स्विच स्वयंचलित न ठेवता हातानं चालवायचं ठेवा, आणि पाण्यात उतरण्याआधी निचऱ्याचं बूच काढून तळ पुसा. बूच परत लावलंय ना, एवढं मात्र उतरण्याआधी दोनदा पाहा.