जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांचं काम घरी: ब्रेक चालेल, सस्पेन्शन नको?

नटबोल्ट: पुढचे पॅड, डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घरी करावेत, सस्पेन्शनचे आर्म (चाक धरणारे दांडे) आणि बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा गोल सांधा) गॅरेजला द्यावेत. ब्रेकला जॅक, दोन स्टँड, पाने आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) पुरतो. सस्पेन्शनला भाग दाबून बसवायला प्रेस लागतो, ओढून काढायला पुलर लागतो आणि वर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). शिवाय कॉइल स्प्रिंग दाबलेलीच असते. खालच्या आर्मला जॅकचा आधार न देता बॉल जॉइंट सोडला तर स्प्रिंग उडते, समोर कोण उभा आहे हे बघत नाही.

डिझेलभाऊ: मी बरोबर उलटं म्हणतो. सैल झालेला जॉइंट आवाज करतो. ब्रेकमधली चूक गप्प बसते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला उघडी पडते. नवे जाड पॅड बसवायला लोक पिस्टन नुसता मागे दाबतात, मग कॅलिपरमधलं काळं तेल उलटं वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग) जातं. आधी कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (तेल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडा, नळी लावा, मग दाबा.

ब्रेकच्या तेलातली एअर काढतानाही तेच. जुन्या गाडीत पेडल थेट जमिनीपर्यंत दाबलं की मास्टर सिलिंडरची सीलं बोअरच्या गंजलेल्या, कधी न वापरलेल्या भागात जातात आणि फाटतात. काम नीट झालेलं असतं, तरी दोन दिवसांनी पेडल हळूहळू खाली बसायला लागतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

नटबोल्ट: ठोकळ्याचं मान्य. पण 'आवाज करतो' हे अर्धसत्य आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर भार खालच्या जॉइंटवर. फ्रेमखाली जॅक लावून चाक हलवलं तर स्प्रिंगच जॉइंटला ताणून धरते, प्ले (ढिलेपणा) कळतच नाही. जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जमेल तितका जवळ लावा आणि टायरखाली पहार घालून चाक उचलून बघा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर हिशोब उलटा: तो आर्म ठोकळ्याने अडवून जॅक फ्रेमखाली.

तिरपा टायर: दोघांच्याही यादीत होज (कॅलिपरला तेल नेणारी रबरी नळी) नाही. लोंबता कॅलिपर तारेने बांधा, होजवर टांगू नका. जुन्या होजचं आतलं रबर सुजतं, मग तेल दाबाने जातं पण परत येत नाही. चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते आणि बिचारा कॅलिपर बदलला जातो. जाम चाकाचं निपल उघडून बघा. चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय: होज, नाहीतर त्याच्या वर काहीतरी. निपल उघडूनही जाम असेल तर दोष पिस्टनचा किंवा स्लाइड पिनचा (ज्यावर कॅलिपर सरकतो).

मागचीही एअर काढणार असाल तर अॅक्सलवर भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह आहे का बघा, पिकअपमध्ये बऱ्याचदा असतो. मागची चाकं लोंबती ठेवली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. वजन चाकांवर ठेवूनच काढा.

डिझेलभाऊ: होजला +१. प्रेसचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांना बुश (आर्म फ्रेमला जोडतो तिथला रबरी भाग) आणि बॉल जॉइंट बसवलेला अख्खा आर्म मिळतो, प्रेसची गरजच नाही. फक्त बुशचे बोल्ट चाक हवेत असताना आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, नेहमीच्या उंचीला आली की मग टॉर्क द्या. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. बॉल जॉइंटच्या टेपरला (निमुळत्या दांड्याला) ग्रीस नको, कोरडा बसवा. स्प्लिट पिनचं (नट फिरू न देणारी पिन) भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळा, सैल कधीच करू नका.

नटबोल्ट: अख्खा आर्म मिळत असेल तर प्रेसचा मुद्दा मागे. स्प्रिंगचा नाही.

डिझेलभाऊ: पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असेल तर तोही मुद्दा राहत नाही. अॅडजस्टर बोल्टचा किती आटा बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा आणि मग पूर्ण सैल करा. बसवताना तेवढाच आवळला की उंची बरीचशी जागेवर येते.

तिरपा टायर: बरीचशी. टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तरीही गॅरेजलाच बघायला लागेल.