मदत हवी आहे: गोल चुंबकाची उत्तर बाजू कोणती?

मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी छोटं जनित्र करतोय. लाकडी चकतीवर निओडिमियमचे आठ गोल चुंबक लावायचेत, एकाचा उत्तर ध्रुव वर, शेजारच्याचा दक्षिण, असे आलटून पालटून. चुंबकांवर ना रंग, ना खूण. पट्टीचुंबक दोऱ्याने टांगला की काम होतं, पण ही तर शर्टाची बटणं! थर्माकोलवर ठेवून पाण्यात सोडली तर कशीही थांबतात. घरातली दोन होकायंत्रं दोन उत्तरं देतात, ती भानगड वेगळीच. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
आडवी ठेवलीत ना? या चकत्यांचे ध्रुव सपाट तोंडांवर असतात. आडवी ठेवली की एक ध्रुव आकाशाकडे, दुसरा पाण्याकडे, मग ती फिरणार कशाला? थर्माकोलला चीर पाडून चकती कडेवर उभी खोचा. प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, बाकीचे चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवा. स्थिरावल्यावर उत्तरेकडे वळलेलं तोंड म्हणजे उत्तर ध्रुव. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली होती, आपण निदान फ्रीजपासून तरी लांब बसू.

प्रतिसाद २
होकायंत्राजवळ निओडिमियम नेलात तर स्वस्तातली सुई उलटी चुंबकित होते. चुंबक दूर ठेवून दोन्ही तपासा. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला साधारण उत्तर. जे होकायंत्र खरं ठरेल त्याच्या सुईचं उत्तर टोक चकतीच्या ज्या तोंडाकडे ओढलं जाईल, तो दक्षिण ध्रुव. इथे भलेभले उलटं लिहितात. परीक्षक पुढचा प्रश्नही विचारतील: मग सुई उत्तरेकडे का ओढली जाते? कारण पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे चुंबकीय दृष्ट्या दक्षिण ध्रुव आहे.

धागाकर्ता
चीर पाडून उभी केली आणि लगेच वळली! खेळण्यातलं होकायंत्रच उलटं निघालं. आता उरलेल्या सातांनाही असंच पोहायला लावू?

प्रतिसाद १
नको. सगळे एकावर एक चिकटू द्या, वरची तोंडं आपोआप एकाच ध्रुवाची येतात. मार्करने खूण करत एकेक बाजूला सरकवून काढा. सरळ ओढलेत तर सुटून परत आदळतात आणि बोटाची कातडी मध्ये सापडते. चिकटवायला इपॉक्सी वापरा, ग्लू गन नको. साध्या प्रतीचे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर ताकद गमावायला लागतात.